डेव्लिनकाकांचं आयरिशपण

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात, बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक मुलगा आणि एक मुलगी मराठीत बोलत होती.

"हिमानी, तू जेनेटिक्समध्ये आहेस ना? आमचे घरमालक डेव्लिनकाका कालपासून धड जेवले नाहीयेत, यार."

"आजारी आहेत?"

"डीएनए टेस्ट केली. जन्मभर 'मी आयरिश, मी आयरिश' करत इंग्लिश लोकांना शिव्या घातल्या, आणि रिपोर्टमध्ये स्वतःच इंग्लिश निघाले!"

"अरे देवा!"

"दारावरचा आयरिश झेंडा उतरवला. काकू इंग्लिश घराण्यातल्या, त्या नुसत्या हसतायत."

"पण सिद्धेश, त्या टेस्टवर इतका विश्वास कशाला? ते लोक शेजारी शेजारी राहिलेले, एकमेकांत लग्नं झालेली. वायव्य युरोपातले आहेत एवढं टेस्ट सांगेल. आयरिश की इंग्लिश, ते छातीठोकपणे नाही सांगता येत. समजाव ना त्यांना."

"समजावलं की सकाळी! म्हटलं, दोघांचा डीएनए इतका सारखा आहे, की टेस्टला फरकच कळत नाही."

"मग बरं वाटलं असेल."

"कसलं! काल नुसते रडवेले होते, आज भडकलेत. म्हणाले, 'इंग्लिश निघालो, ते एक वेळ सहन करीन. पण फरक कळत नाही म्हणजे काय?'"