त्या दिवशी बसेस बंद होत्या

लेक: थांब, आई. ते परत सांग. आणि चष्म्याची काडी चावू नकोस, मोबाईलवर रेकॉर्ड करतेय, त्यात सगळं ऐकू येतं.

आई: परत काय सांगायचं? आमच्या लग्नाचा दिवस. सकाळी राष्ट्राध्यक्षांचं विमान पडलं, सोबत अख्खं मंत्रिमंडळ गेलं. सगळीकडे हाहाकार, बसेस बंद. म्हणून रजिस्ट्रारच्या ऑफिसात पोचायला मला दुपार झाली. समोरच आपलं चष्म्याचं दुकान, तिथे तुझे बाबा सकाळपासून सूट घालून उभे. झालं लग्न. बंद कर आता ते.

बाबा: (पेपराच्या आडून) हं.

लेक: हे ‘हं’ कसलं, बाबा?

बाबा: काही नाही. घसा.

आई: पन्नास वर्षं झाली. हा घसा नेमका या गोष्टीलाच बसतो.

लेक: उद्या तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळी नातवंडं जमणार आहेत. आधीच त्यांना कळत नाही की सगळा देश मान खाली घालून उभा असतो तेव्हा आपण केक का कापतो. निदान गोष्ट तरी नीट हवी.

बाबा: देश दोन मिनिटं माझ्यासाठीच उभा राहतो. मी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

आई: ऐकलंस? हे असं असतं.

लेक: पण आई, काल टीव्हीवर सांगत होते की ती बातमी दिवसभर दाबून ठेवली होती. रेडिओवर आली ती संध्याकाळी. मग सकाळी हाहाकार कसला?

आई: टीव्हीवाल्यांना काय कळतंय? जन्मले तरी होते का ते?

बाबा: बसेस चालू होत्या. मी स्वतः पाहिल्यात. एकेक बस समोर थांबायची आणि तिच्यातून नवरी सोडून सगळं जग उतरायचं.

लेक: म्हणजे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?

बाबा: आली तेव्हा ही नुसतं म्हणाली, ‘बस मिळाली नाही.’ संध्याकाळी रेडिओवर बातमी आली आणि हिची बस एकदम राष्ट्रीय झाली.

आई: आणि पन्नास वर्षं गप्प बसलात?

बाबा: तू कुठे बोललीस?

लेक: आई, तू होतीस कुठे?

आई: मला भाजी निवडायचीय.

लेक: घरात भाजी नाहीये.

बाबा: मी सांगतो कुठे होती. बँकेतला तो बांबू.

लेक: कोण बांबू?

आई: काढला! शेवटी काढलाच त्याला बाहेर.

बाबा: हिच्या माहेरी शेजारच्या घरात राहायचा. हा एवढा उंच. कविता करायचा. आमचं लग्न झालं आणि त्याच आठवड्यात गाव सोडून गेला.

आई: अहो, बढती मिळाली होती त्याला!

बाबा: खबर बरी ठेवलीस बढतीची.

आई: आता ऐकच तू. लहानपणी दर वाढदिवसाला हे तुला दाराच्या चौकटीशी उभं करायचे, डोक्यावर पट्टी धरून पेन्सिलीनं खूण करायचे. आठवतं?

लेक: हो. कौतुकानं.

आई: कौतुकानं!

लेक: बाबा?

बाबा: तुझी उंची थांबली त्या वर्षी मी सगळ्या गल्लीला आइस्क्रीम दिलं होतं.

लेक: मला वाटलं, दहावी पास झाले म्हणून!

बाबा: ते निमित्त झालं.

आई: तो बांबू या माणसाच्या डोक्यात पन्नास वर्षं वाढतोय. लोकांचे नंबर काढले जन्मभर, स्वतःला मात्र समोरचं दिसत नाही.

बाबा: न दिसायला काय झालं? हे बघ, मी उद्या चार माणसांत उठून बोलणार नाही. ज्या संसाराचं पहिलंच वाक्य खोटं, त्यावर भाषण कसलं करायचं? मला एकच सांग. त्या दिवशी तुला यायचं होतं, की दुसरीकडे जमलं नाही म्हणून आलीस?

आई: मला बोलता येत नाही. शपथ आहे.

बाबा: कुणाची?

आई: सरकारची.

लेक: आई, काहीही काय!

आई: टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते ना मी? मैत्रीण आजारी पडली म्हणून आदल्या रात्रीची तिची ड्यूटी मी केली. सकाळी सुटणार एवढ्यात विमानतळाचा कॉल आला. बोर्डावर मीच. जोडून दिला, आणि जोडताना कानावर पडलं ते पडलंच. लगेच दारांना कुलपं लागली. मोठे साहेब आले. म्हणाले, उजवा हात वर करा, हे आईला सांगायचं नाही, नवऱ्याला सांगायचं नाही. मी म्हटलं, नवरा व्हायचाय अजून. तर म्हणाले, झाल्यावरही नाही.

बाबा: हे साहेब उंच होते का?

लेक: बाबा!

बाबा: विचारलं.

लेक: अगं, पण संध्याकाळी सगळ्या देशाला कळलं ना? मग कसली शपथ?

आई: देशाला कळलं. मला शपथेतून सोडवायला कुणी आलं नाही. पुढे साहेब वारले, ते सरकार गेलं, एक्स्चेंज पाडून तिथे मॉल झाला. आता सोडवणार कोण? मॉलवाले?

बाबा: सोयीची शपथ आहे. साक्षीदार सगळे वर गेलेले.

आई: एक खाली आहे अजून.

बाबा: कोण?

आई: तुम्ही. त्या सकाळी दुकानात फोन आला होता. पलीकडून कुणी बोललं नाही.

बाबा: हे तुला कुणी सांगितलं? मी आजवर एका माणसाला... म्हणजे त्यानंच सांगितलं! बांबूचाच फोन होता तो!

लेक: पलीकडून कुणी बोललंच नाही, तर बांबू कसा ओळखलात?

बाबा: श्वासावरून. उंच माणसाचा श्वास होता.

आई: माझा होता. साहेबांची पाठ वळली तेवढ्यात मी दुकानाची लाइन जोडली. उशीर होईल, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही ‘हॅलो’ म्हणालात आणि साहेब वळले. मला तोंड उघडता येईना, आणि लाइनही तोडवेना.

बाबा: हे कशावरून खरं?

आई: तुम्ही काय म्हणालात ते सांगू?

बाबा: नको.

लेक: सांग.

आई: म्हणालात, ‘हे बघा मिस्टर, तिला यायचं नसेल तर तिनं मला येऊन सांगावं. तुम्ही मध्ये पडू नका. ती येईपर्यंत मी इथून हलणार नाही. दुकान माझंच आहे.’

लेक: बाबा...

बाबा: मी ते त्याला म्हणालो होतो.

आई: कुणाला म्हणालात ते माहितेय. ऐकलं मी. कुलूप निघालं तशी धावत सुटले. बसेस चालू होत्या म्हणता ना? असतील. मी पाहिल्याच नाहीत.

लेक: आई, हे किती... उद्या हेच ऐकवू या सगळ्यांना!

आई: झालं. एवढी वर्षं सांभाळली आणि आज मोडली शपथ.

बाबा: मोडली काय? घरातल्या घरात काही मोडत नसतं. तो मोबाईल चालू आहे का गं अजून?

लेक: हो.

बाबा: पुसून टाक सगळं.

लेक: मग उद्या उठून सांगणार काय तुम्ही?

बाबा: काय म्हणजे? त्या दिवशी बसेस बंद होत्या. मी स्वतः पाहिलंय.