मामाची शितांनी चिकटवलेली कार्डं

तुम्हाला सांगते, मामाच्या क्रिकेटच्या कार्डांना हात लावणं म्हणजे मोठ्या जोखमीचं काम. लहानपणी च्युइंगमबरोबर मिळालेला तो अख्खा संच देवळालीच्या मामानं एका वहीत चिकटवला होता. आता वहीला कसर लागलेली. म्हटलं, काहीही झालं तरी कार्डं सोडवायचीच.

"मामा, कशानं चिकटवली होतीस?"

"भाताच्या शितांनी. डिंक कुनाकडं हुता तवा? पन एक जरी फाटलं ना, तर भाची म्हननार न्हाई तुला."

शितं म्हणजे पाण्यात सुटणार. परातीत कोमट पाणी घेतलं. आधी एकच पान भिजवून बघणार, तेवढ्यात मागून आई ओरडली, "अगं, दादाची वही!" मी अशी दचकले की अख्खी वहीच परातीत!

मामा डोक्याला हात लावून खाली बसला. मी मात्र हलले नाही. ओढायचं नाही, खरवडायचं नाही, असं स्वतःला बजावत राहिले. हळूहळू कागद सैल झाला आणि एकेक कार्ड अलगद सुटलं. एकही फाटलं नाही. सगळी पालथी घालून टॉवेलवर वाळत ठेवली.

मामा वाकून वाचायला लागला. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर छापलं होतं, 'पूर्ण संच पाठवा आणि बॅट मिळवा.' चिकटवायच्या घाईत त्यानं पाठ कधी बघितलीच नव्हती.

"म्हंजे भात लावून मी बॅट घालवली व्हय?" पुन्हा कार्डांवर वाकत तो म्हणाला, "शेवटची तारीख दिलीय का बघ."

"नाही दिसत."

"मग पाठीव."