गेलेलं परत आणा

भाची : ‘तिला लागेल तेवढंच समोर ठेव, बाकीचं झाकून टाक.’ काका जायच्या आधी मला एवढंच बजावून गेले होते. मी मावशीसाठी तेच केलं, मॅडम.

मालकीण : मावशीचं झाक ना! आपण ज्यांच्या वेबसाइट सांभाळतो, त्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांचं तू झाकलंस. सकाळपासून फोन थांबत नाहीये. दातांच्या डॉक्टरांनी आपल्या वेबसाइटचं कंट्रोल पॅनल उघडलं, तर समोर चारच बटणं. फाइलींना ‘माळा’, ईमेलला ‘टपाल’ आणि ते तिसरं, ‘बाई, आधी चष्मा लाव’.

भाची : ते डिलीटचं आहे. तिनं घाईघाईत काही पुसू नये म्हणून.

मालकीण : डॉक्टर विचारतायत, मला बाई कोण म्हणालं?

भाची : मग तुम्ही काय सांगितलंत?

मालकीण : सांगितलं, यंत्र आहे, माणूस ओळखत नाही. आणि शवपेट्या बनवणारे ते गृहस्थ! बॅकअपच्या बटणावर काय लिहिलंयस? ‘गेलेलं परत आणा.’ ते म्हणाले, हे खरंच चालत असेल तर मला दुकानाला कुलूपच घालावं लागेल.

भाची : (तोंडावर हात धरून हसते.)

मालकीण : हसू नकोस. मी फोन ठेवून हसून घेतलंय, दोघींच्या वाटचं. एकट्या मावशीच्या खात्याला वेगळं रूप देता आलं नसतं?

भाची : आपलं पॅनल जुनं आहे ना. एका सर्व्हरवर एकच रूप. काल म्हटलं, सुट्टीचा दिवस, कोण बघतंय! दुपारी मावशीला शिकवते, संध्याकाळी पूर्ववत करते. पण तिनं पहिल्यांदा आपल्या हातानं व्हिडिओ चढवला आणि आम्ही दोघी अशा नाचलो, की ते राहूनच गेलं.

मालकीण : नाचून झालं असेल तर आता बस आणि होतं तसं कर. शाळावाले दुसरीकडे जायची भाषा करतायत.

भाची : मग मावशी काय करेल? आधीच्या पॅनलवर साठ-सत्तर चित्रं होती. ती बघून म्हणाली, हे काय विमान चालवायचंय?

मावशी : येऊ का आत? दार उघडं होतं. आवाजही उघडाच होता.

भाची : मावशी! तू इकडे कशी?

मावशी : तुझा फोन लागेना. मला वाटलं, पुन्हा काही मोडलं. तुम्हीच मॅडम ना? हिच्या बोलण्यावरून मला वाटलं होतं, तुम्हाला शिंगं असतील.

मालकीण : घरी काढून ठेवते. बसा. सगळं ऐकलंत ना? माझा नाइलाज आहे हो. तुमचं काम ही चुटकीसरशी करून देईल. व्हिडिओ हिच्याकडे द्या, तुम्ही निवांत राहा.

मावशी : निवांतच तर आहे! बँकेत मुलगा जातो. बाजार सून आणते. बिलं जावई भरतो. मला नुसतं शोकेसमधल्या बाहुलीसारखं बसवून ठेवलंय. धूळ तेवढी पुसतात अधूनमधून.

भाची : मावशी, असं काय गं.

मावशी : पुसता की! मॅडम, आमचे हे शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. कशी करायची ते आपल्या वेबसाइटवरच्या व्हिडिओत सांगायचे. निम्मे लोकांसमोर आलेत, निम्मे राहिलेत. मला म्हणाले, ‘तू चढव. भाची हुशार आहे, पण अर्धवट सोडते.’

भाची : काका असं म्हणाले?

मावशी : वाईट वाटून घेऊ नकोस. खोटं बोलायचे नाहीत ते, हाच मोठा दोष होता. जन्मभर माझं एक ऐकलं नाही आणि जाता जाता मला कामाला लावून गेले. मी हो म्हटलं. आता ते तपासायला येणार नाहीत, म्हणून तर जास्तच करायला हवं.

मालकीण : अहो, पण एका माणसासाठी मी शाळा घालवू?

मावशी : नका घालवू. मी कुठं म्हणतेय? मुलांचं आधी.

भाची : मॅडम... तुमच्या टेबलाखाली तो जुना सर्व्हर आहे. आपण चाचणीला वापरतो तो. मावशीची साइट तिथं हलवली, तर तिचं रूप तिच्यापुरतंच राहील.

मालकीण : त्याच्यावर मी पाय ठेवते! थंडीत तेवढीच ऊब मिळते.

भाची : मी पायांना हीटर आणून देते.

मालकीण : तू आणशील आणि वायर जोडायची विसरशील. काका बरोबर ओळखून होते तुला... जा, हलव. पण आधी सगळ्या गिऱ्हाइकांचं पूर्ववत कर, आणि दोन्ही कामं संपल्याशिवाय या खुर्चीतून उठायचं नाही.

(तासाभरानं.)

भाची : झालं गं. शाळेचंही बघून घेतलं, सगळं जागेवर आलंय. हे बघ, तुझं पॅनल. आता कुठला व्हिडिओ?

मावशी : दोरा सारखा तुटतो तेव्हा काय करायचं, तो. कुणीतरी दोनदा विचारलंय. दे, मी चढवते.

मालकीण : शेजारी हिला बसू दे हवं तर.

मावशी : नको. दोघी जरा खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा. कुणी बघत असलं की मी भलतंच बटण दाबते.