वाल्व म्हणजे दार

तुम्ही हसाल, पण परवा मी प्लंबरला खोटं बोलून घरी बोलावलं.

कोयलीच्या रिफायनरीत माझं सगळं आयुष्य वाल्व दुरुस्त करण्यात गेलं. आदल्या दिवशी सुधाचे जुने शब्दकोश पुसताना सहज तो शब्द काढला, तर मूळ लॅटिन! अर्थ काय, तर दाराची झडप. आणि आपण मराठीत वाल्वलाही झडपच म्हणतो की!

हे सांगायला मी आत हाक मारली, “अगं, ऐकलंस का?” सुधाला जाऊन वर्ष झालंय.

मुलाला कॅनडात फोन लावला. “बाबा, मीटिंगमध्ये आहे.”

मग परवा प्लंबर भरतभाईला कळवलं, वाल्व गळतोय. त्याने बाथरूममध्ये वाकून पाहिलं. “काका, आ तो बराबर छे.”

“ठाऊक आहे. बसा, चहा टाकतो.”

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकलं. “एटले, म्हणजे मी दारं दुरुस्त करतो?”

“हो. मीही तेच करायचो.”

तासभर बसला. निघताना चपला घालत म्हणाला, “वाल्व बराबर असला तरी बोलावजो, काका.”