मीटरचा काटा आणि माझा शब्द

जबाब, दि. १६/८/१९९९

मी कानिफनाथ बाबूराव ठुबे, वय ५१ वर्षे, धंदा नोकरी (वीज उपकेंद्रात ऑपरेटर), रा. टाकळवाडी, ता. पारनेर, जि. अहमदनगर. समक्ष हजर राहून सांगतो की,

मी एकोणीस वर्षे गावच्या उपकेंद्रात आहे. गेल्या वर्षी डोंगरावर पवनचक्की बसली. तिची वीज आमच्याकडे येते. तिच्यावर देखरेखीला सम्राट साळवे आहे. त्याला ब्रेकर, मीटर सगळे मीच शिकवले. वारा पडला की वीज घटते, तेव्हा वरच्या ऑफिसला फोन करकरून गावची लाइट मी टिकवतो. टिकली की लोक म्हणतात सम्राटची करामत, गेली की शिव्या मला. आजवर मला कोणी सुपारीचे खांडसुद्धा दिले नाही.

काल झेंडावंदनानंतर उपकेंद्रासमोरच्या शाळेत त्याचा सत्कार होता. मी ड्यूटीवर. सरपंच कारभारी माईकवर म्हणाले, "सम्राटमुळं आता गावची लाइट जात न्हाई." माझा तिळपापड झाला. ९.४० वाजता मी पवनचक्कीची आणि गावची, दोन्ही लाइनी बंद केल्या. माईक गेला. वारा असून डोंगरावरचा पवनचक्कीचा पंखा थांबला. लोक हसले. मला लई बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

सम्राट गळ्यातल्या हारासकट मोटारसायकलवर डोंगरावर गेला. १०.०५ ला त्याचा फोन आला. "नाना, लाइनच्या मीटरचा काटा शून्यावर हाय. तुमच्याकडून लाइन चालू हाय ना?"

मी म्हणालो, "चालू हाय. तुझ्याच यंत्रात बघ."

"तुमी म्हनताय म्हंजे मीटरच बिघडला आसंल. मग पंखा वरच्या यंत्रामुळंच थांबलाय. वर चढून बघतो."

मी त्याला थांब म्हणालो नाही. १०.३० ला लाइनी चालू केल्या. तोवर तो ओल्या शिडीवरून पडला होता. कंबर मोडली आहे.

सायंकाळी मी नगरला दवाखान्यात गेलो. त्याची आई यशोधराबाई यांनी मला बसायला स्टूल दिले. त्या चहाला गेल्यावर तो म्हणाला, "मी खाली पडलेलो, आन् पंखा आपसूक फिराया लागला. तवा समजलं, नाना. पोलिसांना पाय घसरला एवढंच सांगितलंय."

मोठेपणा इथेही त्यालाच. ते मला सोसवेना, म्हणून मी आपण होऊन आलो आहे.

हवालदारांनी हा मजकूर मला वाचून दाखवला. तो मी बोललो तसाच व खरा आहे. उपकेंद्राच्या वहीत '९.४०, पवनचक्कीत बिघाड' असे माझ्या अक्षरात आहे, ते खोटे आहे.