बिनहाराचा फोटो

नाही मोहनलालशेठ, तो हार आधी खाली ठेवा. तिथं, टेबलावर. कलेक्टरसाहेब अकराला येतील, आपल्या ह्या दोन खोल्यांच्या संग्रहालयाचं उद्घाटन होईल, फितीजवळ तुम्हीच उभे राहा — पण अभिमनच्या फोटोला हार घालायचा नाही. बाकीच्या तिघांना खुशाल घाला, त्यांचं दहावं-तेरावं झालं. ह्याचं कुठं झालंय? सरकारच म्हणतं, बेपत्ता. बासष्टपासून बेपत्ता. — नाही, बसत नाही मी, बसलो की गुडघा धरतो. हे बघा, तोफगोळ्याचं टरफल. सगळे आधी हेच बघतात. चकचकीत शे ना? मीच घासतो, चिंच लावून. पण लढाई ह्याच्यात नव्हती शेठ, लढाई थंडीत होती. आपण धुळ्याकडची माणसं, उन्हात वाढलेली, आणि तिकडे नेफात, चीनच्या सरहद्दीवर, मांडीपर्यंत बर्फ. अंगात सुती कपडे — थांबा, दोंडाईच्याची गाडी आली का? हॉर्न वाजला. नाही, ट्रक असेल.

तर त्या गाडीनं सुंदरबाई येते. अभिमनची बायको. दर बाजाराला येते, मिरच्या विकून झाल्या की इथं. फोटोची काच पदरानं पुसते, मला कळण्याची भाकर देते आणि विचारते, धनसिंगभाऊ, काही खबर? मी म्हणतो, नाही वहिनी. कपाळावर हे एवढं कुंकू असतं तिच्या. तुमच्या हारानं ते पुसलं जाईल, कळतंय का? फोटोला हार म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. — हो, समितीनं ठरवलंय, ठाऊक आहे मला. मग समितीनंच सांगावं तिला. तुम्ही सांगाल? — आशेवर कोण ठेवतंय? कैदेतून माणसं परत आलीच ना? आली की नाही? मग.

त्या बुटांना हात लावू नका. लावू नका म्हणतो ना. कुणाचे म्हणजे? जवानाचे. पाटीवर लिहिलंय. — माझे कसे असतील, माझा पाय बघा केवढा. बोटं दुमडून घातले होते मी, अंगठ्यांची नखं गेली. माझे फाटले होते ना. तो म्हणाला, तू घाल रे धनसिंग, माले आते कोठे जानं शे. पोटात गोळी, आणि हसतोय. नाड्यासुद्धा त्यानंच सोडून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, गप, खांद्यावर नेतो तुला. नेलाही, खाली नाल्यापर्यंत. तिथं एकाएकी जड झाला. माणूस गेला की जड होतो शेठ, खांद्याला कळतं ते. मग बर्फ उकरला, हातांनीच — आता मला सांगा, हे मी त्या बाईला कोणत्या तोंडानं —

दाराकडे काय बघताय?

वहिनी. गाडी तर अजून... तुम्ही कधीच्या उभ्या शेतस? नाही, मी ह्यांना असंच, लढाईच्या गोष्टी — बसा. पाणी आणतो. बसा ना वहिनी.

ते बूट राहू द्या. पदर मळेल तुमचा. — बरं. पुसा.

तो हार कशाला घेताय? वहिनी... ऐका ना माझं. — बरं. थांबा, फोटो उंच आहे, स्टूल देतो. मी धरतो स्टूल.

शेठ, तुम्ही बाहेर व्हा. साहेब आले तर त्यांना सांगा, हार घालून झालाय.