केरबानं खुराडं उघडलं तेव्हा

दया म्हणजे काय हो, मंडळी? दार उघडणं ही दया, की दार लावून ठेवणं ही दया?

हसू नका! सोपं वाटतं ना? मागं बसलेले तात्या मान हलवतायत, त्यांना उत्तर आलंय म्हणे! थांबा तात्या, आधी गोष्ट ऐका, मग मान हलवा.

केरबा आणि गजराबाईच्या थोरल्या लेकाचं, रघुनाथाचं, वर्षश्राद्ध होतं त्या सालची ही गोष्ट. दूधगंगेच्या काठाला, उसाच्या फडाला लागून त्यांची वस्ती. नवराबायको दोघंही माळकरी. अंगणाच्या कडेला पाचटाचा, उसाच्या वाळल्या पाल्याचा, ढीग. त्याच ढिगात रघुनाथानं जनावरांसाठी हात घातला, आणि आत घोणस होती! दवाखान्याच्या वाटेवरच पोरगा गेला. मागं बायको शेवंता, आणि तिच्या पोटात लेकरू. त्या लेकरानं बापाचं तोंड बघितलंच नाही. चंद्री तिचं नाव.

आता चंद्री रांगायला लागली, मंडळी! रांगणारं पोर कुठं जातं? जिथं जाऊ नये तिथं! ढीग हलवला, पण ऊस तर हलवता येत नाही. पुढच्या तोडीला पुन्हा पाचट आलं, पुन्हा ढीग उभा राहिला. गजराबाईची झोप उडाली. नात दिसेनाशी झाली की ही ढिगाकडं धावायची!

तिचा भाऊ दौलू सीमेपलीकडं गिनी कोंबड्या पाळायचा. राखाडी अंग, त्यावर पांढरे ठिपके, बोडकं डोकं, आणि आवाज? अहो, आमचे मृदंगवाले बुवा एकदा तापले की जसे थांबत नाहीत, तसा! पण साप दिसला की ही पाखरं त्याला घेरतात आणि ओरडून गाव गोळा करतात. गजराबाई म्हणाली, ‘‘दौलू, मला दे. खायला नगं, राखणीला.’’

गावानं काय सोडलं होय? शेजारची हौसाक्का म्हणाली, ‘‘काय गं गजरे, गळ्यात माळ आणि दारात कोंबड्या! आता रस्सा कधी?’’

‘‘तुझ्या बारशाला!’’ गजराबाई म्हणाली.

दौलूनं पाखरं आणून दिली आणि बजावून सांगितलं. ‘‘आक्का, लगेच सोडू नगंस. ह्यांना घर कळाय वेळ लागतो. गोठ्याच्या कोपऱ्यात जाळी मार, खालनं दगड लाव, मुंगूस घुसंल. भुईवर भाताचं तूस घाल, ओल लागू दिऊ नगंस. बसाय उंच दांडी दे. आणि सांजच्याला आत दिवा ठेव, अंधाऱ्या घरात ही पाय टाकत न्हाईत. सोडशील तवा एक-दोनच सोड. बाकीच्या आत ऱ्हाऊन हाका मारतील, मग बाहेरची परत येतील. समदी एकदम सोडलीस, तर गेली म्हणून समज!’’

गजराबाईनं सगळं तसंच केलं. पण केरबाला रोज ती जाळी टोचायची. ‘‘माळकऱ्याच्या घरात जीव कोंडून ठेवायचा? अगं, पाप हाय!’’

‘‘थोडं दिस कळ काढा. ह्यांना घर आपलं वाटू द्या.’’

आला वर्षश्राद्धाचा दिवस. माघाचं ऊन. पै-पाहुणे जमले. पत्रावळीवर घास वाढला, वड्या, भात, रघुनाथाच्या आवडीची आमटी. पत्रावळ अंगणातल्या दगडावर ठेवली आणि सगळे मागं सरले.

कावळा येईना!

झाडावर कावळे आहेत, काव काव चाललंय, पण खाली एक उतरेना. केरबा हात जोडून पुढं झाला. ‘‘रघुनाथा, शेवंताला लेकीवानी सांभाळतो!’’ नाही. ‘‘चंद्रीला शाळा शिकवतो!’’ नाही. ऊन चढलं. पोरं भुकेली झाली. केरबानं पुन्हा हात जोडले. ‘‘पोरा, काय ऱ्हायलंय रं तुझं? बोल की!’’

आता मंडळी, तुम्ही शहाणे. कावळा का उतरत नव्हता? अहो, तो खाली झेपावला की खुराड्यातली पाखरं एवढी बोंब मारायची की कावळाच काय, यमसुद्धा मागं फिरला असता! पण दुःखात माणसाला कान असतात का?

हौसाक्का हळूच बोलली, ‘‘दारात जीव कोंडलाय. कावळा शिवंल कसा?’’

झालं! बाप उठला. गजराबाई नदीवर हातपाय धुवायला गेली होती. केरबानं कडी काढली, दार सताड उघडलं आणि काठीनं पाखरं हाकलली. ‘‘जावा! माझ्या रघुनाथाच्या नावानं मोकळी झालासा!’’ फडफड फडफड – सगळी उसावरून पार पलीकडच्या आंब्यावर! मागं राहिली एक लंगडी. तिला उडताच येईना.

गजराबाई आली. दार बघितलं. नवऱ्याकडं बघितलं.

‘‘काय केलंसा वं हे?’’

‘‘पुण्य केलं.’’

ती ओरडली नाही, मंडळी. ओरडली असती तर बरं झालं असतं! तिनं दारातनं आत वाकून लंगडीला बघितलं. मग म्हणाली, ‘‘पोराच्या नावानं केलंसा, मी काय बोलू?’’

पाहुणे पाखरांमागं पळायला निघाले. ती वाटेत आडवी आली. ‘‘कुणी पळू नगा! पळाल तर नदीपार जातील.’’

आणि कावळा? नाहीच आला. लंगडी एकटीच ओरडून त्याला पुरून उरली! पाहुणे जेवून गेले. पत्रावळ तशीच दगडावर. ऊन उतरलं. गजराबाईनं खुराड्यात कंदील लावला, लंगडीला जाळीशी ठेवलं आणि उंबऱ्यावर बसली. लंगडीनं मान वर केली – कट्-रॅक! कट्-रॅक! सारखी हाक. एकटीच!

आंब्यावर शांत.

कट्-रॅक!

आणि लांबून, मंडळी, उत्तर आलं!

एक उतरली. मागनं दुसरी. उसाच्या सरीतनं ओळीनं पाखरं चालत आली. केरबानं श्वास धरला. पुढचं पाखरू दगडाशी आलं, मान वाकडी केली आणि पत्रावळीतल्या भाताला चोच मारली!

‘‘आत्ती, शिवलं!’’ शेवंता सासूकडं बघून ओरडली. ‘‘घास शिवला!’’

केरबा ढसाढसा रडायला लागला. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडं. आणि खाली रांगणारी चंद्री? ती निघाली पाखरांकडं! खिदळत, ढिगाच्या कडेनं!

तेवढ्यात पाखरं फिरली. घास टाकला, पंख पसरले, ढिगापाशी गोल केला आणि असा कल्लोळ – असा कल्लोळ केला!

‘‘आत जाईनात, घराला भ्याली वाटतं,’’ म्हणून केरबा काठी घेऊन हाकलायला धावला.

गजराबाई ओरडली, ‘‘अवं, काठी टाका! घराला न्हाई भ्याली! खाली बघा – पोरीफुडं!’’

पाचटातनं सुसकारा आला. कुकरची वाफ सुटते ना, तसा. भाताच्या वासानं उंदीर आले, उंदरामागं ती आली. वेटोळं घातलेली घोणस, आणि चंद्रीचा हात – पुढं!

केरबानं झेप घातली. नातीला कमरेत धरून मागं फेकलीच म्हणा, शेवंतानं झेलली! पाखरांनी घोणशीला घेरून, ओरडून ओरडून उसात घालवली.

मग सगळे वाटेतनं बाजूला सरले. पाखरं एकेक करून कंदिलाच्या उजेडात शिरली, दांडीवर बसली. एक आली नाही. तिची पिसं सकाळी बांधावर सापडली. रानमांजराचं काम.

खुराड्याची कडी केरबानं स्वतः लावली. म्हणाला, ‘‘गजरे, पोराचं हेच ऱ्हायलं हुतं. लेकीवर नजर ठेवा, म्हणत हुता. आणि मी राखणदारच हाकललं गं!’’

कळलं का, तात्या? आता हलवा मान!

आपण दार उघडतो आणि पुण्य केलं म्हणून हात झटकतो. उघडल्यावर तो जीव जाणार कुठं, हे बघतो का? पोरगं शहरात सोडलं, मोकळं केलं – फोन करता का? नवी सून आली, पहिल्याच दिवशी तिला म्हणालात, ‘हे घर तुझंच’ – तिला ते घर कळू दिलंत का? संध्याकाळी तिच्यासाठी दिवा कोण लावतं? दया करायला नुसता दार उघडणारा हात पुरत नाही, मंडळी. उंबऱ्यावर बसून वाट बघायला लागते! घरी जाल तेव्हा आपापला उंबरा बघा.

रघुनाथ गेला माघात, घोणस चावून. त्याच्यानंतर त्या अंगणात सापानं कोणी गेलं नाही. केरबा गेला चंद्रीच्या लग्नाच्या साली, मार्गशीर्षात, झोपेत. गजराबाई गेली त्याच सालच्या फाल्गुनात, सकाळी, खुराड्याची कडी काढून उंबऱ्यावर येऊन बसल्यावर.